आर्थर शूलर : न्यूरोरेडिऑलॉजीच्या पायाभरणीचे कार्य

प्रस्तावना :
इ. स. १८९५ मध्ये विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. मोडलेले हाड वा शरीरात रुतलेली गोळी यांचे निदान त्यामुळे सुलभ झाले. मेंदूविकारांच्या बाबतीत मात्र तसे घडले नाही. कारण मेंदूच्या मऊ ऊतींची रचना साध्या क्ष-किरण चित्रात उमटत नाही. जे चित्रात दिसत नाही त्याचे निदान चित्रावरून कसे करावे, या प्रश्नाला व्हिएन्ना येथील डॉ. आर्थर शूलर (१८७४-१९५७) यांनी दिलेले उत्तर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

कवटीचे वाचन :
तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीतील ब्र्नो येथे जन्मलेल्या शूलर यांनी १८९९ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. ते मूलतः मज्जाविकारतज्ज्ञ होते व रुग्णाच्या लक्षणांकडून क्ष-किरण चित्राकडे वळले. मेंदू दिसत नसला तरी त्याच्या विकारांच्या खुणा हाडावर उमटतात, हे त्यांच्या अभ्यासाचे सूत्र होय. पीयूषिका ग्रंथीत गाठ वाढली की तिला सामावणारी खोबण रुंदावते. चुना साचलेली पिनिअल ग्रंथी चित्रात दिसते. ती मध्यरेषेपासून सरकलेली आढळल्यास गाठ कोणत्या बाजूस असावी, याचा अंदाज बांधता येतो. १९०५ मध्ये कवटीच्या तळाविषयी आणि १९१२ मध्ये मस्तकाच्या विकारांविषयी त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले. १९१५ मध्ये त्यांनी वर्णिलेल्या कवटीच्या अस्थिदोषांमुळे 'हँड-शूलर-ख्रिश्चन' या विकारनामात त्यांचे नाव समाविष्ट झाले.

पुढे वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून, तर एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत औषधद्रव्य सोडून चित्रे घेतली. या पद्धतींनी अधिक दाखविले, परंतु त्यांत रुग्णाच्या जिवास धोका होता. शूलर यांच्या पद्धतीत रुग्णाच्या शरीरात काहीही शिरत नव्हते.

विस्थापन :
मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. ज्यू असल्यामुळे शूलर यांना विद्यापीठातून दूर करण्यात आले. जेथे त्यांनी हे शास्त्र उभारले, तेथेच त्यांना स्थान उरले नाही. साठी ओलांडलेल्या शूलर यांनी पत्नीसह ऑस्ट्रेलिया गाठले आणि मेलबर्नच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात पुन्हा कवटीची चित्रे वाचावयास आरंभ केला. युरोपात राहिलेले त्यांचे दोन्ही पुत्र नाझींच्या वंशसंहारात बळी पडले.

निष्कर्ष :
१९७१ मध्ये लंडन येथे रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले आणि मेंदू प्रत्यक्ष दिसू लागला. साहजिकच अस्थिखुणांचे निदानमूल्य घटले. तथापि, चित्रातील किंचित बदलाची सांगड रुग्णाच्या लक्षणांशी घालण्याची शिस्त कालबाह्य झालेली नाही. वैद्यकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या क्रमाने लिहिला जातो. शूलर यांचे चरित्र हे सुचविते की, एखादी विद्याशाखा यंत्राने नव्हे, तर त्याचा अर्थ लावणाऱ्या दृष्टीने आकारास येते. आणि ती दृष्टी जपणारी माणसे राजसत्ता एका आदेशाने देशोधडीस लावू शकते.