व्हायोलिनच्या पोटातील चिठ्ठी : स्वस्त वाद्याचा इतिहास आणि पहिली खरेदी

जुन्या वाड्याच्या माळ्यावरून एखादे व्हायोलिन खाली उतरते. धूळ झटकून एफच्या आकाराच्या छिद्रातून आत डोकावले, की पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर लॅटिन अक्षरे दिसतात : 'अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस' आणि पुढे सतराशे कितीतरी साल. घरात खळबळ उडते. विकावे की जपावे, यावर दोन तट पडतात. ज्या मुलाला शिकायचे असते, त्याच्या हाती मात्र ते वाद्य येत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे पहिला प्रश्न विचारावा तो असा : ही चिठ्ठी कोणी, कोठे आणि कशासाठी चिकटवली?

अँटोनियो स्ट्रॅडिव्हेरी इटलीतील क्रेमोना येथे १७३७ मध्ये निवर्तला. त्याच्या हातची सुमारे साडेसहाशे वाद्ये आज शिल्लक आहेत. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या मात्र असंख्य वाद्यांत सापडतात आणि त्यांतील फार मोठा वाटा जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शेन या गावाचा व त्याच्या परिसराचा आहे. बोहेमियातून धर्मछळामुळे बाहेर पडलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी तेथे १६७७ मध्ये व्हायोलिनकारांचा संघ स्थापन केला. एकोणिसाव्या शतकात हे काम घरोघर वाटले गेले. एका घरी मान आणि तिचे वळणदार टोक कोरले जाई, दुसऱ्या घरी पाठ व पोट, तिसऱ्या घरी गज. व्यापारी ते सारे गोळा करून डझनांच्या हिशेबाने परदेशी रवाना करीत. उलाढाल एवढी, की या लहानशा गावात १८९३ पासून अमेरिकेचे वाणिज्यदूत कार्यालय होते! चिठ्ठीवरील थोर नावाचा अर्थ बहुतेकदा 'त्याच्या घाटाचे' एवढाच असे. काही रुपयांच्या वाद्यात खरे स्ट्रॅडिव्हेरियस मिळेल, असे घेणारालाही वाटत नसे. भ्रम निर्माण झाला तो मुख्यतः पुढच्या पिढ्यांच्या विस्मरणातून.

तरीही चिठ्ठी निरुपयोगी नाही. ब्रिटनने १८८७ मध्ये आणि ब्रिटिश हिंदुस्थानने १८८९ मध्ये व्यापारचिन्हांचे कायदे केले. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून खाली बारीक अक्षरांत 'मेड इन जर्मनी' असेल, तर ते वाद्य बहुधा १८९० च्या आसपासचे वा त्यानंतरचे. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल, तर १९१८ नंतरचे, कारण तत्पूर्वी तो देशच नव्हता. लॅटिन सालापेक्षा ही दुय्यम ओळ अधिक प्रामाणिक साक्षीदार होय.

असा माल आडगावी पोहोचण्याची सोयही त्याच काळात झाली. टपालखात्याची व्ही. पी. पद्धत १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईहून लोहमार्ग पाचोऱ्यापर्यंत आधीच आला होता. तेथून अडीच फुटी रुळांची 'पी. जे.' गाडी १९१९ च्या सुमारास जामनेरला येऊ लागली आणि २०२० पर्यंत धावली.

मिरजेची ख्याती तंबोरा-सतारीची. व्हायोलिन मात्र विकत आणण्याचेच वाद्य राहिले. दक्षिणेत ते आधी रुजले. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात पाश्चात्त्य संगीताला स्थान होते, आणि तंजावरच्याच वडिवेलु यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन दिले. हिंदुस्थानी संगीतात विसाव्या शतकात गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग यांनी त्याला मैफलीचा मान मिळवून दिला.

आज जामनेरच्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात : माळ्यावरचे जुने वाद्य दुरुस्त करणे, किंवा चीनमध्ये अथवा उत्तर प्रदेशातील रामपूर येथे तयार झालेले नवे घेणे. जुने सॅक्सन वाद्य धडधाकट असेल, तर ते सर्वांत स्वस्त नव्या वाद्याहून बहुधा सरस ठरते. मात्र पोटाला तडा गेला असेल किंवा मान खचली असेल, तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या मोलावर जातो. तेथे भावनेपेक्षा हिशेब बरा. नव्यात चकाकी पाहू नये. खुंट्या नीट फिरून जागी थांबतात का, घोडी सरळ उभी आहे का, तारा पट्टीपासून फार उंच नाहीत ना, हे आधी पाहावे. आपल्याकडे तारा षड्ज-पंचमात लावतात आणि गायकाच्या पट्टीनुसार त्या पुन्हा बदलाव्या लागतात, त्यामुळे निसटणारी खुंटी शिकणाऱ्याचा निम्मा वेळ खाते. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून खुंट्या सैल होतात, पावसाळ्यात त्याच फुगून अडकतात. सरसाने जोडलेल्या कडाही उष्णतेने सुटतात. म्हणून वाद्य पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नये. पैसे अपुरे असतील, तर गजात आणि तारांत काटकसर न करता लाकडाच्या देखणेपणात करावी.

माळ्यावरच्या वाद्याबाबत आणखी एक : ते हलवताना आत काही खुळखुळले, तर घोडीखाली आधार देणारी काडी बहुधा पडलेली असते. अशा वेळी तारा ताणू नयेत, नाहीतर पोटच खचते. काडी पुन्हा उभी करणे हे जाणत्या कारागिराचे थोडक्या वेळाचे काम आहे.