टोमॅटोवर गाडी का धावत नाही?

टोमॅटोचे भाव पडले, माल रस्त्यावर ओतला गेला की एक प्रश्न हमखास येतो: या भाजीपाल्याचं इथेनॉल का करत नाहीत? प्रश्न रास्त आहे. पण कल्पना नवी नाही.

पहिल्या महायुद्धाच्या आधीच जर्मनीत बटाट्याचं अल्कोहोल काढून ते दिव्यांत आणि इंजिनांत जाळत होते. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल सोडतं. पण स्टार्च त्याला पचत नाही. म्हणून बटाटे आधी शिजवायचे, मोड आणलेल्या धान्याचं माल्ट घालून स्टार्चची साखर करायची, मग आंबवायचं, शेवटी ऊर्ध्वपातन.

आपल्याकडे ही वाट उसाच्या मळीवरून गेली. मळीत साखर तयार असते आणि ती कारखान्याच्या दारातच मिळते. १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला, २००० साली तो रद्दही झाला. लगेच २००१ मध्ये आपल्या मिरज आणि मनमाडला, तसंच उत्तर प्रदेशात बरेलीजवळ, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग सुरू झाले. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आलं. २०२५ मध्ये देश २० टक्क्यांवर पोचला. २०१८ च्या जैवइंधन धोरणात सडक्या बटाट्यांनाही जागा मिळाली.

मग टोमॅटो का नाही? हिशेब करा. टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी, साखर जेमतेम ३ टक्के. म्हणजे टनाला ३० किलो साखर. ती सगळी आंबली तरी इथेनॉल १९ लिटरच्या आसपास. टनभर मळीतून दोनशे लिटरहून जास्त निघतं. वर एवढं पाणी तापवायला इंधन लागणार ते वेगळंच. पालेभाजीच्या देठांतलं सेल्युलोज तर साधं यीस्ट खातच नाही.

या ओल्या कचऱ्याला बायोगॅस बरा. तिथे काम जिवाणू करतात, गॅस आपोआप वर येतो, ऊर्ध्वपातन लागत नाही. हैदराबादच्या बोवेनपल्ली बाजारात भाजीच्या कचऱ्यापासून अशी वीज तयार केली जाते.

तेव्हा पुढाऱ्यांनी टोमॅटोच्या पेट्रोलचं स्वप्न दाखवलं तर टाळ्या वाजवू नका. बाजार समितीत ओला कचरा वेगळा ठेवा, गॅस प्रकल्प उभारा, ही मागणी करा. आणि एक विसरू नका: कचऱ्याला किंमत आली म्हणून शेतमालाला भाव मिळत नाही. ती लढाई वेगळी आहे.

तुमच्या बाजार समितीतला भाजीचा कचरा सध्या कुठे जातो?