सत्तावीस वर्षांचा कारभार

विश्वविद्यालयांच्या इतिहासांत प्राध्यापकांचीं नांवें राहतात; परंतु ज्यानें पैसा मिळविला, माणसें निवडलीं आणि सभांतले कज्जे मिटविले, त्याची आठवण बहुधा भिंतीवरील तैलचित्रापुरती उरते. म्हणून डॉ. आर्काट लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्याविषयीं आम्ही चार शब्द लिहीत आहों. १९४२ पासून १९६९ पर्यंत ते मद्रास विश्वविद्यालयाचे कुलगुरु होते.

एकाच गृहस्थानें इतकीं वर्षें एक गादी अडवावी, हें एरव्हीं आम्हांस रुचत नाहीं. मुदलियार तर व्यवसायानें प्रसूतिशास्त्रज्ञ, मद्रास मेडिकल कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य. १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून आपल्याकडील शिक्षकवर्गास त्यांचें नांव ठाऊक असतें. १९४४ सालीं अळगप्पा चेट्टियार यांच्या देणगीतून निघालेलें तंत्रशास्त्राचें कॉलेजही त्यांच्याच कारकीर्दींतलें. पण त्यांची खरी परीक्षा नेमणुकांत पाहावी, असें आमचें मत आहे.

१९५२ च्या सुमारास पदार्थविज्ञानाचा नवा विभाग काढावयाचा होता. मुदलियारांनीं प्रथम सर चंद्रशेखर रामन् यांस विचारलें. रामन् बंगलोर सोडून येण्यास तयार नव्हते. त्यांनीं आपले शिष्य गो. ना. रामचंद्रन यांचें नांव सुचविलें. शिष्याचें वय अवघें तिशीच्या आसपास! ज्येष्ठतेचा जप करणाऱ्या आपल्या विद्यापीठांत अशी सूचना कोठल्या कपाटांत पडली असती, हें वाचकांस सांगावयास नको. मुदलियारांनीं ती मानली आणि तरुण प्राध्यापकास हवी तशी क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभारूं दिली. दोनच वर्षांत, १९५४ सालीं, रामचंद्रन व त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनीं दाखविलें कीं, कातडें व स्नायुबंध यांना बळकटी देणारें कोलॅजेन हें द्रव्य तीन पेडांच्या दोरासारखें पिळलेलें असतें. १९६३ सालीं प्रथिनांच्या घडणीचा त्यांचा सुप्रसिद्ध आलेखही येथूनच निघाला.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या संशोधनास कुलगुरूंच्या मर्जीचा आधार असतो, त्यास तो गेल्यावर थारा कोण देणार? सत्तावीस वर्षें हातीं असतां या प्रश्नाची तजवीज व्हावयास हवी होती, आणि येथें आम्ही मुदलियारांस उणें मानतों. १९६९ सालीं ते पायउतार झाले. पुढें लौकरच रामचंद्रन यांनीं मद्रास सोडलें, आणि १९७१ सालीं बंगलोरच्या विज्ञान संस्थेंत आपला विभाग नव्यानें मांडला.