वर्गाबाहेरचे मूल

माझी आजी महारवाड्यातल्या तक्क्यात अक्षरे शिकली. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सरकारी शाळा होती. पण ती मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरे. आमच्या मुलांना पायरीखाली उन्हात बसावे लागे, आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. तक्क्यातली शाळा मिशनची होती. मास्तर आधी प्रार्थना म्हणून घेत, मग येशूची एखादी गोष्ट सांगत आणि मग पाटीवर मुळाक्षरे गिरवून घेत. आजी ख्रिस्ती झाली नाही. पुढे तिने बाबासाहेबांच्या मागे जाऊन धम्म स्वीकारला. तरी म्हातारपणी ती आम्हा नातवंडांना बुद्धाच्या गोष्टींबरोबर हरवलेल्या मेंढराचीही गोष्ट सांगत असे. म्हणून शाळेत ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा वर्ग असावा की नसावा, हा प्रश्न माझ्यापुरता तरी पुस्तकी नाही.

सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत असे वर्ग असावेत, या मागणीमागे अमेरिकेत मोठी चळवळ उभी राहिली. १९१४ साली इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावी शाळांचे अधीक्षक विल्यम वर्ट यांनी शाळेच्या वेळातला काही वेळ धर्मशिक्षणासाठी मोकळा करून दिला आणि ही पद्धत गावोगाव पसरली. समर्थकांचे म्हणणे साधे होते. शाळा मुलाचा सगळा दिवस घेते, धर्माच्या वाट्याला फक्त रविवार उरतो. आईबाप शाळेसाठी कर भरतात. त्यांच्या संमतीने आणि शाळेचा पैसा न घेता आठवड्यातून एक तास मागितला, तर बिघडले काय? हे म्हणणे लबाडाचे नव्हते. आपल्या मुलाला चांगले वळण लागावे, ही त्यामागची तळमळ खरी होती. तिची थट्टा करून प्रश्न सुटत नाही.

इलिनॉय राज्यातल्या शँपेन या गावात १९४० साली असे वर्ग सुरू झाले. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि यहुदी अशा तिन्ही पंथांच्या लोकांनी मिळून मंडळ स्थापन केले. पालकांनी चिठ्ठीवर सही करायची आणि मुलाने शाळेच्याच इमारतीत आपापल्या पंथाच्या वर्गात बसायचे, अशी व्यवस्था होती. सक्ती कुणावरच नव्हती. व्हॅष्टी मॅकॉलम या बाईंनी आपल्या मुलासाठी सही दिली नाही. पाचवीत त्याच्या वर्गातले तेवढे एकच मूल उरले, आणि त्याला व्हरांड्यात बाक टाकून एकटे बसवण्यात आले. येणारीजाणारी मुले त्याला चिडवीत. बाई कोर्टात गेल्या. राज्याच्या कोर्टांत हरल्या. अखेर ८ मार्च १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला, की सरकारी शाळेची इमारत आणि हजेरीचा कायदा धर्मप्रसाराच्या दिमतीला देता येणार नाही. चार वर्षांनी, १९५२ साली, न्यूयॉर्कच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या आवाराबाहेरच्या वर्गांना मात्र मोकळीक दिली.

त्या व्हरांड्यातल्या मुलाविषयी वाचताना मला धारवाडचा मुलगा आठवतो. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने मान्य केले, की न्याय मुलाच्या बाजूने आहे. पण एकासाठी बाकीचे शाळा सोडतील, असे म्हणून त्याला बाहेरच ठेवले. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या आहेत असे बजावले, तरी गावातली ओसरी बदलली नाही. एक मुलगा गोरा, दुसरा महार. दोघांची दुःखे सारखी नाहीत. शँपेनच्या मुलाला फळा पाहायला मिळत होता. पण बहुसंख्यांच्या सोयीसाठी एका मुलाला वर्गाबाहेर ठेवणे, ही रीत मात्र एकच.

इथे आपल्यातलाच कुणी मला अडवील. तो विचारील, पादऱ्यांचे वर्ग नसते तर तुझ्या आजीला अक्षर कुणी दिले असते? प्रश्न रास्त आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली नगरला पोचले. त्याच नगरला सिंथिया फॅरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुले पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. उलट १८५४च्या शिक्षणविषयक खलित्याने सरकारी शाळा धर्मापासून अलिप्त ठेवल्या. बायबल ग्रंथालयात असावे, कुणी आपणहून विचारले तर मास्तरने शाळेच्या वेळेबाहेर सांगावे, एवढीच सवलत होती. कागदावर ही तटस्थता निर्दोष दिसते. पण त्या तटस्थ शाळेत कुणी ओसरीवर बसायचे आणि कुणी पायरीखाली, हे रोज शिकवले जात होते. तेही धर्मशिक्षणच होते. फक्त त्याला तास नव्हता, चिठ्ठी नव्हती, पालकाची सही नव्हती. आमच्या वाडवडिलांनी पाद्र्याच्या वर्गाला पाठिंबा दिला तो या अलिखित वर्गाला कंटाळून.

तेव्हा ऋण मानायचे ते उघड्या दाराचे. प्रश्नोत्तरावली पाठ केल्याने माणूस जागा झाला, असे मात्र इतिहास सांगत नाही. मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मांग मुलगी जोतीरावांच्या शाळेत शिकली. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रात छापून आला. छापणारे ख्रिस्ती होते. पण ज्या धर्मात आम्हाला वाचण्याचाही अधिकार नाही तो आमचा कसा, हा प्रश्न तिचा स्वतःचा होता. धर्माच्या वर्गात उत्तरे मिळतात. मुक्ताला प्रश्न विचारता येत होता.

ज्या वर्षी शँपेनचा निकाल लागला, त्याच वर्षी, ७ डिसेंबर १९४८ रोजी, आपल्या घटना समितीत हाच विषय निघाला. बाबासाहेबांनी सरकारी शाळांतल्या धर्मशिक्षणाविरुद्ध तीन कारणे मांडली. सर्वांच्या कराचा पैसा एका धर्मासाठी खर्च करता येत नाही. देशात धर्म इतके आहेत, की प्रत्येकाची सोय शाळेला करता येणार नाही. आणि मोक्षाचा मार्ग फक्त आपल्याकडेच आहे असे हे धर्म सांगतात, त्यामुळे शाळेची शांतता भंगते. मात्र धर्माचा अभ्यास आणि धर्माची शिकवण यांत फार अंतर आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. आजचे २८वे कलम त्या चर्चेतून आले. संपूर्ण सरकारी खर्चाच्या संस्थेत धर्मशिक्षण नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त संस्थेत विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती हवी. म्हणजे मिशनच्या शाळेचे दार या कलमाने बंद केले नाही. आत येणाऱ्याच्या मनावरचे कुलूप तेवढे काढले.

आज दोन्हीकडे वारे उलट वाहत आहे. मार्च २०२२ मध्ये गुजरात सरकारने सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात गीता आणण्याची घोषणा केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेक्सासच्या शिक्षण मंडळाने आठ विरुद्ध सात मतांनी बायबलमधल्या गोष्टी असलेला पाठ्यक्रम प्राथमिक शाळांसाठी मंजूर केला. तो ऐच्छिक आहे, पण स्वीकारणाऱ्या शाळांना जादा पैसे मिळतात. टेक्सासमध्ये आपले कुणी असते तर कदाचित टाळ्या वाजवल्या असत्या, कारण पाद्र्याचे आपल्यावर उपकार आहेत. पण टेक्सासच्या बायबलसाठी जो युक्तिवाद आपण मान्य करू, तोच गुजरातेत गीतेसाठी आपल्यापुढे येईल. जो धर्म आमच्या तक्क्यात अल्पसंख्य आणि उपेक्षितांच्या सोबत होता, तोच तिथे बहुसंख्य आणि सत्तेसोबत आहे. धर्माचे नाव पाहून आपण बाजू घेऊ नये. तो वर्गात कुणाच्या जोरावर शिरतो, ते पाहावे.

मी स्वतः सातवीत असताना प्रार्थनेच्या वेळी सरस्वतीच्या तसबिरीपुढे हात जोडले नाहीत. मास्तरांनी मला तासभर दाराबाहेर उभे केले. घरी आल्यावर आजीला सांगितले. ती म्हणाली, “आमचे मास्तर परार्थनेच्या वक्ताला डोळं झाका म्हनायचे. म्या कदी झाकलं न्हाईत. पन त्यांनी मला भाईर काढलं न्हाई, बाबा.”