रोखेबाजाराचे नियम व लोकमत

मुंबईच्या रोखेबाजाराचा इतिहास आपल्याकडे बहुधा वैभवाची आणि सर्वनाशाची कथा म्हणून सांगितला जातो. त्याचें एक दुसरें अंग आम्ही आज वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. बाजारास बांधणारे नियम होत असतां, ज्याचा पैसा त्यांत अडकतो त्या सामान्य मनुष्यास कोणीं विचारलें काय, हा तो प्रश्न होय.

१८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, लँकेशायरच्या गिरण्यांस तेथील कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. आलेला पैसा बँका, पेढ्या आणि समुद्र हटविणाऱ्या कंपन्या यांच्या भागांत ओतला गेला. 'बॅक बे' कंपनीचा पांच हजारांचा भाग अनेक पट किमतीस विकला जाऊं लागला. १८६५ त युद्ध संपलें, कापूस उतरला, आणि १ जुलै रोजीं वायद्यांच्या फेडीचा दिवस उजाडला तेव्हां देणें भागविण्यास समर्थ असे फारच थोडे निघाले. पुढें मुंबई बँकहि बुडाली व १८६८ त तिच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला. विचारपूस झाली खरी, पण घर जळून गेल्यावर!

१८७५ त दलालांनीं आपला संघ स्थापिला. त्याचे नियम दलालांनीं दलालांसाठीं केलेले होते. आपसांतील व्यवहार सचोटीचे राहावे हा हेतु वाईट नव्हता. परंतु गिऱ्हाईक त्यांत निमित्तमात्र होतें. १९२३ त ॲटले समिति बसली आणि १९२५ च्या मुंबई कायद्यानें मान्यताप्राप्त बाजाराच्या नियमांस सरकारी मंजुरी आवश्यक केली. दलालांच्या घरांत सरकार शिरलें. गुंतवणूकदार मात्र अद्याप उंबऱ्याबाहेरच राहिला.

तो उंबरा ओलांडण्याची वाट १९५६ च्या रोखे करार नियमन कायद्यानें दाखविली. बाजाराचे पोटनियम अमलांत येण्यापूर्वीं त्यांचा मसुदा प्रसिद्ध व्हावा, हें तत्त्व त्याच्या नवव्या कलमांत आहे. त्यास अपवादहि आहे: व्यापाराच्या वा लोकांच्या हितासाठीं नियम तत्काळ हवा असल्यास, कारणें लेखी नमूद करून, पूर्वप्रसिद्धीवांचून तो करतां येतो. हा अपवाद अनाठायीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बाजारांत घबराट असतां मसुद्याची दवंडी पिटली, तर नियम येण्याच्या आंतच धूर्त लोक आपला माल विकून मोकळे होतील. तथापि अपवाद हा अपवादच राहिला पाहिजे.

१९८८ त स्थापन झालेल्या सेबी या मंडळास १९९२ त कायद्याचें बळ मिळालें, आणि मसुदे प्रसिद्ध करून अभिप्राय मागविण्याची चाल रूढ झाली. जुलै २०२४ मध्यें या मंडळानें निर्देशांकांवरील वायद्यांच्या व विकल्पांच्या व्यवहारांस लगाम घालणारे प्रस्ताव लोकांपुढें मांडले; ऑक्टोबरांत त्यांतील बऱ्याचशा गोष्टींस नियमाचें रूप आलें. मधल्या काळांत मंडळाच्याच पाहणींतून दिसून आलें कीं, मागील तीन आर्थिक वर्षांत वायदे-विकल्पांच्या फंदांत पडलेल्या व्यक्तींपैकीं शेंकडा ९३ तोट्यांत गेल्या, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटि रुपयांहून अधिक होता. येवढे लोक पोळले. त्यांतून किती जण मसुदा वाचून उत्तर लिहूं शकतील? दलाल व निधि यांच्या पदरीं त्यासाठीं जाणते कारकून व वकील असतात. खेड्यांतला शिक्षक वा चाळींतला निवृत्त कामगार आपल्या तोट्याचा विशेषज्ञ असतो, पण त्याची साक्ष कागदावर येत नाहीं.

येथें भाषेचा प्रश्न येतो. २०१८ च्या भागविक्रीच्या नियमांनुसार कंपनीच्या पहिल्या विक्रीपत्राचा मसुदा सामान्यतः किमान २१ दिवस लोकांच्या अभिप्रायासाठीं खुला ठेवावा लागतो, आणि कंपनीचें नोंदलेलें कार्यालय महाराष्ट्रांत असल्यास त्याची जाहिरात मराठी दैनिकांतहि द्यावी लागते. म्हणजे आमंत्रण मराठींत येतें, पान मात्र इंग्रजींत वाढलेलें असतें! शेंकडों पानांच्या त्या ग्रंथाचा व नियमांच्या मसुद्यांचा सुबोध मराठी सारांश त्याच दिवशीं मिळाल्यास खर्च थोडा होईल, आणि १८६५ पासून जो उंबऱ्याबाहेर उभा आहे, त्यास आंत येऊन बोलतां येईल. तेवढें झाल्यावर मग न बोलण्याचा दोष मात्र आपलाच ठरेल.