असन्निधानातील श्रद्धा : रिद्धपूर आणि मराठी गद्याचा आरंभ

मराठीच्या वाङ्मयेतिहासात 'लीळाचरित्र' या ग्रंथाची नोंद बहुधा एका ओळीत होते : कर्ता म्हाइंभट, काळ रूढ मतानुसार इ.स. १२७८ च्या सुमारास, स्थळ वऱ्हाडातील रिद्धपूर, मराठीतील आद्य गद्यचरित्र. या ओळीत चुकीचे काही नाही. मात्र हा ग्रंथ मुळात का जन्माला आला, या प्रश्नाचे उत्तर तीत नाही. ग्रंथाच्या मुळाशी एक अभाव आहे. ज्याला आपण परमेश्वर मानले, ज्याच्यासोबत चाललो, जेवलो, ज्याला प्रश्न विचारले, तो निघून गेल्यावर मागे राहिलेल्यांनी कसे जगायचे, हा त्या मंडळींपुढचा खरा पेच होता. मराठी गद्याचा आरंभ या पेचातून झाला आहे.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात चक्रधरांनी उत्तरेकडे प्रयाण केले, असे महानुभाव परंपरा मानते. त्यानंतर नागदेवाचार्य म्हणजे भटोबास, महदाइसा आणि इतर शिष्यमंडळी रिद्धपूरला आली. आज अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात असलेल्या या गावी चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू राहत होते. लोकदृष्टीने हे राऊळ वेडेच. मनाला येईल तेव्हा हसावे, रागवावे, कोणाच्याही घरात शिरावे, जातिपातीचा विचार न करता वावरावे, असा त्यांचा क्रम होता. तरीही गावाने त्यांना एकाच वेळी माय आणि बाप मानले होते. चक्रधरांच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या मंडळींना या सहवासाचा आधार मिळाला. पुढे १२८५ ते १२८८ च्या दरम्यान गोविंदप्रभूही गेले आणि तो आधारही संपला.

महानुभाव तत्त्वज्ञानात या अवस्थेला नेमका शब्द आहे : असन्निधान. अवतार प्रत्यक्ष समोर असणे म्हणजे सन्निधान. तो समोर नसणे म्हणजे असन्निधान. अवस्थेला नाव मिळाले की तिच्यात वागण्याचा धर्मही सांगता येतो. देव दिसत नाही, म्हणजे आपण टाकले गेलो, असा निष्कर्ष पंथाने काढला नाही. असन्निधान हा साधकाच्या आयुष्यातील एक ऋतू मानला आणि त्यातील कर्तव्य ठरवले : स्मरण. परमेश्वराचे नाम, त्याच्या लीळा, त्याची मूर्ती आणि त्याच्या चेष्टा, म्हणजे साध्या हालचाली, आठवत राहणे.

येथे वारकरी परंपरेशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होईल. पंढरपूरला जाणाऱ्याला दर्शन मिळते. विटेवर उभ्या असलेल्या देवाच्या नजरेसमोर आपण क्षणभर येतो, हा त्या दर्शनाचा दिलासा असतो. महानुभावांनी देवतांची मूर्तिपूजा नाकारली. त्यांच्याजवळ उरले ते अवतारांच्या स्पर्शाने पावन मानलेली स्थाने आणि त्यांवर बांधलेले ओटे, प्रसादाच्या वस्तू आणि एकमेकांची संगत. ओट्याला डोळे नसतात. जो बसून गेला, त्याची ती केवळ खूण. अशा खुणेपुढे माथा टेकणाऱ्याला, देव आपल्याकडे पाहतो आहे, हा तात्काळ दिलासा मिळत नाही. त्याने स्वतःच पाहत राहायचे असते. ही श्रद्धा कठीण आहे आणि म्हणूनच विचार करण्याजोगी आहे.

भटोबास सतत कसले तरी मनन करीत असत. हे मनन कसले, असे म्हाइंभटांनी विचारले, तेव्हा चक्रधरांच्या लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. मग त्या सांगा, म्हणजे लिहून ठेवू, अशी विनंती म्हाइंभटांनी केली. परंपरेने जपलेली 'लीळाचरित्रा'ची जन्मकथा ती हीच. सराळ्याचे हे विद्वान एकेकाळी चक्रधरांशी वाद घालायला आले होते. आता ज्याच्याजवळ आठवण आहे त्याच्यापर्यंत जाणे, ऐकणे, पडताळणे आणि लिहिणे हे त्यांचे काम झाले. त्यांच्या लेखी साक्षीदाराचे मोल त्याच्या विद्वत्तेवर अवलंबून नव्हते. तो तेथे होता का, आणि त्याने नीट पाहिले का, एवढेच महत्त्वाचे होते.

या कसोटीमुळे एरवी कोणाच्या गणतीत नसलेली माणसे ग्रंथाच्या केंद्रस्थानी आली. महदाइसेचेच उदाहरण घ्यावे. ती बालविधवा. तत्कालीन समाजव्यवस्थेत अशा स्त्रीने मंगलप्रसंगी समोर येऊ नये, हीच अपेक्षा. पण चक्रधरांच्या पंथात स्त्रियांना संन्यासाचा अधिकार होता, रजस्वलेचा विटाळ मानला जात नव्हता, आणि महदाइसा तर प्रश्न विचारण्यासाठी प्रसिद्ध होती. गोविंदप्रभूंनी आपल्या लग्नाचा छंद घेतला तेव्हा रिद्धपुरात विवाहाचा थाट मांडला गेला आणि तिने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर 'धवळे' रचले. ज्या मांडवात तिला उभे राहायलाही जागा नव्हती, त्या मांडवाचे गाणे तिनेच गायिले आणि ती मराठीची आद्य कवयित्री ठरली. भाषेचा निर्णयही याच दृष्टीने झाला. केशोबासांची लेखणी संस्कृतकडे वळली, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबवले. तसे झाल्यास पंथातल्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील, हे त्यांचे कारण होते.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. उपेक्षेचे उदात्तीकरण करणे सोपे असते. चक्रधरांनी अनुयायांना स्वदेशाचा आणि स्वग्रामाचा संबंध तोडायला सांगितले. देशाच्या टोकाला, झाडाखाली, जेथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी आयुष्य घालवायला सांगितले. हा अपरिचय स्वेच्छेचा होता. विधवेच्या वाट्याला आलेला अपरिचय लादलेला होता. दोन्ही एकच मानले, तर अन्यायाला अध्यात्माचे पांघरूण मिळते. महदाइसेचे मोठेपण तिने उपेक्षा सोसली यात शोधू नये. ती त्या जागेवरून उठून चक्रधरांच्या मागे चालू लागली आणि विचारीत राहिली. तिची श्रद्धा प्रश्नांसकट होती.

पुढे ग्रंथाच्या नशिबीही असन्निधान आले. चौदाव्या शतकाच्या आरंभी, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, मूळ प्रत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होते त्यांच्या स्मरणातून लीळा पुन्हा उभ्या केल्या गेल्या. त्यांत हिराइसेचे नाव येते. एकदा ऐकलेले तिच्या कायम लक्षात राही, अशी तिची ख्याती होती. आज अभ्यासक तिच्या नावाच्या पाठाचा विचार करतात. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीला पाठचिकित्सेत स्वतंत्र स्थान मिळाल्याची अशी उदाहरणे आपल्या वाङ्मयात फार नाहीत.

त्यानंतर पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. पावित्र्य जपणे, परक्यांपासून रक्षण करणे, अशी कारणे सांगितली जातात. परिणाम दुहेरी झाला : ग्रंथ टिकले, आणि मराठी समाजाला ते सहाशे वर्षे जवळजवळ दिसलेच नाहीत. न दिसणाऱ्या पंथाविषयी गैरसमज वाढत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीची उकल केली, पुढे वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने आणि वि. भि. कोलते यांनी हे वाङ्मय अभ्यासकांपुढे आणले. कोलत्यांची 'लीळाचरित्रा'ची संपादित आवृत्ती १९७८ मध्ये, म्हणजे रूढ रचनाकाळानंतर बरोबर सातशे वर्षांनी प्रसिद्ध झाली. २०२३ मध्ये रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठाची घोषणा झाली.

या शेवटच्या घटनांना श्रद्धेचे फळ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मला वाटते. म्हाइंभटांनी विद्यापीठासाठी लिहिले नाही. हिराइसेने पाठभेदात नाव यावे म्हणून लीळा लक्षात ठेवल्या नाहीत. आपल्याला कोणी पाहते आहे का, हा प्रश्न या मंडळींनी मागे ठेवला आणि आपण जे पाहिले ते नीट आठवते का, हा प्रश्न पुढे घेतला. चक्रधर काय जेवले, कोठे बसले, कोणाला काय म्हणाले, याच्या बारीक तपशिलांत त्यांचा विश्वास उतरला आहे. वर्गात 'लीळाचरित्रा'तला उतारा शिकवताना आपण विभक्तिप्रत्यय सांगतो, ते सांगावेतच. पण ती छोटी छोटी वाक्ये, वारंवार येणारी स्थळांची नावे, एकाच प्रसंगाचे दोन-दोन पाठ, हे सारे ज्याच्यावाचून करमत नाही त्याच्या मागे राहिलेल्या माणसांचे बोलणे आहे, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे.