अवंती: पुण्याकडं बनलेली सुपरकार

भिगवण ते टेंभुर्णी, धरणाकडेच्या हायवेला उभं राहिलं की काय दिसतं? एसटी, कंटेनर, उसाचे ट्रॅक्टर. सुपरकार काही दिसत नाही. पण तशी एक गाडी याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, पुण्याकडं बनत होती. डीसी अवंती.

ती काढणारे दिलीप छाब्रिया. 'टारझन: द वंडर कार' आठवतोय ना? त्यातली गाडी मूळची टोयोटा एमआर2, तिला नवं रूप दिलं यांनीच. म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या बदलण्यात नाव कमावलेला माणूस. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत त्यांनी स्वतःची गाडी आणली.

इंजिन सीटच्या मागं, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल, सुमारे 250 हॉर्सपॉवर. ते रेनॉचं. उसनं इंजिन म्हणून नाक मुरडू नका राव, मॅक्लारेन एफ1 ला बीएमडब्ल्यूचं होतं, पगानीला मर्सिडीज-एएमजीचं असतं!

अवघड काम दुसरंच. शोसाठी एक गाडी हातानं घडवता येते. तीच शेकडो वेळा हुबेहूब काढायची म्हणजे साचे, सुटे भाग, चाचण्या, आणि पाण्यासारखा पैसा. ग्राहकाच्या हाती गाडी यायला 2015 उजाडलं. किंमत 35 लाखांच्या पुढं.

2018 ला लगेच पुढचं मॉडेल दाखवलं, टीसीए. टायटॅनियम, कार्बन, ॲल्युमिनियम, 3.8 लिटरचं व्ही6. पहिली गाडी नीट मुरायच्या आत दुसरी कशाला? मला तरी ही घाईच वाटते.

तुमच्यापैकी कुणाला हायवेला अवंती दिसली असेल तर व्हॉइस नोट पाठवा.